एका अर्धचंद्राचा फरक : 'स्ट्रॅगल' वापरताना या चुका टाळा

अनुवादाचं काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. हाताला वेग आला होता आणि डोक्याला नको तेवढा आत्मविश्वास. त्या दिवसांत एका मासिकासाठी दुसऱ्या महायुद्धावरचा इंग्रजी लेख मी मराठीत केला. त्यात 'जॅपनीज स्ट्रॅगलर्स' असे शब्द होते. मी झपाट्यात लिहून टाकलं, 'झुंजार जपानी सैनिक'. लेख छापून आला. पंधरा दिवसांनी एका निवृत्त सुभेदारांचं पोस्टकार्ड आलं : "ताई, लेख आवडला. पण मूळ शब्द बघा. हे झुंजणारे नव्हेत, मागे राहिलेले. पलटणीत स्ट्रॅगलर ही शिवी नाही, पण शाबासकी तर मुळीच नाही."

मूळ लेख पुन्हा काढून बघितला. दोन 'जीं'च्या आधी 'यू' असेल असं मी धरून चालले होते. तिथे 'ए' होता.

लेखातली माणसं खरी होती. शोइची योकोई हा जपानी सैनिक ग्वाम बेटावर जानेवारी १९७२मध्ये सापडला. युद्ध संपून तेव्हा सव्वीस वर्षं उलटली होती. हिरो ओनोदा फिलिपिन्सच्या लुबांग बेटावरून मार्च १९७४मध्ये बाहेर आला, तोही त्याच्या जुन्या वरिष्ठाने तिथे जाऊन प्रत्यक्ष हुकूम दिल्यावर. योकोई जमिनीखाली खणलेल्या बिळात लपून राहत होता. ओनोदा शेवटपर्यंत बंदूक चालवत होता. एक लपला, एक लढला, तरी इंग्रजीने दोघांना एकच शब्द लावला. कारण तो शब्द शौर्याबद्दल बोलतच नाही. सैन्य गेलं आणि हे मागे उरले, एवढंच तो सांगतो.

ते पोस्टकार्ड अजून माझ्या शब्दकोशात खुणेसाठी ठेवलेलं आहे. त्यानंतर शनिवार-रविवारच्या इंग्रजीच्या वर्गात आणि प्रुफं तपासताना या एका क्रियापदाच्या इतक्या चुका पाहिल्या, की आता त्या लिहूनच काढते.

तीन शब्द, तीन खुणा

देवनागरीत हे तीन शब्द एकाखाली एक लिहून बघा : स्ट्रगल, स्ट्रॅगल, स्ट्रँगल. पहिल्यावर काहीच नाही, दुसऱ्यावर अर्धचंद्र, तिसऱ्यावर अर्धचंद्र आणि त्यात टिंब. पहिला म्हणजे धडपडणं, झगडणं. दुसरा म्हणजे मागे पडणं, पांगत जाणं. तिसरा म्हणजे गळा आवळणं. इंग्रजी स्पेलिंगमध्येही पहिल्या दोघांत 'यू' आणि 'ए' एवढाच फरक, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात एका 'जी'च्या जागी 'एन'. माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं होतं की पावसामुळे मुलं एकेक करून वर्गात आली. फक्त त्याच्या हातून 'स्ट्रँगल्ड' पडलं होतं. वर्गात त्या दिवशी मुडदेच पडायचे.

आपली जीभ इथे आडवी येत नाही, हे आधी सांगते. 'ट्रक' आणि 'ट्रॅक', 'कप' आणि 'कॅप', 'बग' आणि 'बॅग' हे फरक आपण सहज बोलतो आणि सहज लिहितो. मराठीने त्यासाठी अर्धचंद्र कधीच आपलासा केला आहे. हिंदीत 'बैंक' लिहितात, आपण 'बँक' लिहितो. म्हणजे ऐकायला कान आहे, लिहायला खूणही आहे. तरी चूक होते, कारण 'स्ट्रगल' हा शब्द आपल्या घरातला झाला आहे. मुंबईत अंधेरी-वर्सोव्याकडे ऑडिशनच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला कुणी 'नवोदित अभिनेता' म्हणत नाही, 'स्ट्रगलर' म्हणतात. रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना तो शब्द कळतो. मग छापलेला 'स्ट्रॅगलर' दिसला की डोळा त्यावरचा अर्धचंद्र पुसून टाकतो आणि ओळखीचा शब्द वाचतो. मराठीत एखाद्याला अर्धचंद्र देणं म्हणजे मान धरून बाहेर काढणं. इथे उलटं आहे. अर्धचंद्र दिला नाही तर शब्द हाकलला जातो.

या चुकीचा सगळ्यात त्रासदायक नमुना मुलांच्या प्रगतिपुस्तकात भेटतो. एका शाळेच्या शेऱ्यात वाचलेलं वाक्य असं : 'युवर वॉर्ड इज स्ट्रॅगलिंग इन मॅथ्स.' बाईंना म्हणायचं होतं की मुलगा गणितात अडखळतोय, कष्ट घेतोय, पण जमत नाहीये. तिथे 'स्ट्रगलिंग' हवं. लिहिलेल्या शब्दाचा सूर मात्र असा लागतो, की पोरगं गणिताच्या तासाला मागच्या बाकांकडे रेंगाळत चाललं आहे. आईवडिलांनी कुठल्या अर्थाने रागवायचं?

दोन्ही शब्द एकाच माणसाला एकाच वेळी लागू पडतात तेव्हा गोंधळ आणखी वाढतो. गेल्या पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर माझा गुडघा बोलायला लागला. चढताना मी धडपडत होते, म्हणजे स्ट्रगल. त्यामुळे मी गटाच्या मागे पडले, म्हणजे स्ट्रॅगल. पण माझ्याही मागे एक काका होते. त्यांच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ते प्रत्येक फुलाचा फोटो काढत होते. काका स्ट्रॅगलर होते, स्ट्रगलर अजिबात नव्हते. आणि सगळ्यात पुढे चालणारी एक मुलगी, दमेकरी, पंप ओढत ओढत पहिली पोचली. ती स्ट्रगल करत होती, पण स्ट्रॅगल नाही. हे तिघं लक्षात ठेवले की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

एकट्याने स्ट्रॅगल होत नाही

ही सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटी जन्मतात.

शब्दकोश उघडला की 'भटकणे, रेंगाळणे, मागे पडणे, पसरणे' अशी रांग दिसते. घाईतला माणूस पहिला शब्द उचलतो आणि लिहितो, 'काल संध्याकाळी मी बाजारात एकटाच स्ट्रॅगल करत होतो.' इंग्रजी वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, कुणाच्या मागे? तुमच्या पुढे कोण चाललं होतं? या क्रियापदाला एक कळप लागतो. कळप म्हणजे फौज असेल, दिंडी असेल, वर्ग असेल, रोपाच्या फांद्या असतील किंवा आकाशातले तारे. आधी एक घोळका, एक रांग, एक ठरलेली चाल हवी. मग त्यातून कुणीतरी सुटून मागे राहतं किंवा बाजूला पांगतं. ती आधीची रांग डोळ्यांसमोर नसेल तर हा शब्द वापरू नका. बाजारात एकटेच फिरत होतात तर 'वॉन्डर' किंवा 'स्ट्रोल' म्हणा.

आषाढात याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात. प्रत्येकीचा क्रम ठरलेला, दिंडीतल्या ओळी ठरलेल्या. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट लागतो. तिथे चढावर काहींचा दम तुटतो. कुणी कडेला टेकतं, कुणी चपलेचा अंगठा बांधत बसतं, कुणी उसाच्या रसाच्या गाड्याशी थांबतं. दिंडी पुढे जाते आणि मागे माणसांची तुटक साखळी उरते. ती साखळी स्ट्रॅगल करत येते. दिंडीत पाय मिळवून चालणारा वारकरी स्ट्रॅगल करत नाही, तो कितीही दमलेला असो. आणि हौसेने एकटाच सायकलवर पंढरपूरला निघालेला तर नाहीच नाही.

त्याच घाटात 'स्ट्रे' आणि 'लॉस्ट' यांची जागाही कळते. मागे पडलेल्या माणसाची वाट तीच असते, पाऊल फक्त उशिरा पडतं. ज्याची वाटच सुटली, जो भलत्या फाट्याला लागला, तो 'स्ट्रेड'. आणि ज्याच्या नावाने लाउडस्पीकरवरून 'जिथे असतील तिथून मंडपाजवळ यावे' अशी हाक दिली जाते, तो 'लॉस्ट'. रस्त्यावरची भटकी कुत्री 'स्ट्रे डॉग्ज' असतात. त्यांना 'स्ट्रॅगलिंग डॉग्ज' म्हणायचं तर आधी कुत्र्यांची मिरवणूक काढावी लागेल.

मराठीत याला सगळ्यात जवळचा शब्द मला 'चुकार' वाटतो. सांजेला गुरं परततात, कळप पुढे निघून जातो आणि मागून दोन-चार चुकार ढोरं बांधावरचं गवत ओढत येतात. पाऊस सरल्यावर आभाळात राहतात ते चुकार ढग. शब्दकोशकारांनी 'स्ट्रॅगलर'समोर हा शब्द ठळक अक्षरात द्यायला हवा होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इन, बॅक आणि बिहाइंड

हे क्रियापद अकर्मक आहे. 'ही स्ट्रॅगल्ड हिज बाइक' असं होत नाही. कुणी कुणाला स्ट्रॅगल करवत नाही, आणि 'आय वॉज स्ट्रॅगल्ड' असं कर्मणीही होत नाही. कर्म नाही म्हणून त्याच्या शेजारी दिशा सांगणारा एक छोटा शब्द बसतो, आणि अर्थाचा निम्मा भार तोच उचलतो. तो गाळला की वाक्य लंगडतं.

'स्ट्रॅगल इन' म्हणजे एकेक-दोन-दोन करून उगवणं. आपल्या लग्नांसाठी हा शब्द जणू मुद्दाम केलेला आहे. मुहूर्त बारा सत्तावीसचा असतो, पत्रिकेवर 'वेळेवर यावे' असं छापलेलं असतं, आणि पाहुणे अक्षता संपल्यावर थेट पंगतीपर्यंत झिरपत राहतात. 'द गेस्ट्स स्ट्रॅगल्ड इन टिल लंच.' पण उशिरा आलेला पाहुणा एकच असेल, समजा तुमचा मेहुणा, तर त्याच्यासाठी 'केम इन लेट' पुरे.

'स्ट्रॅगल बॅक'चा अर्थ मला पानिपतामुळे नीट कळला. १४ जानेवारी १७६१ला फौज मोडली. जे वाचले ते निशाण धरून, ओळीने परत आले नाहीत. पुष्कळांना सूरजमल जाटाच्या मुलखात आसरा मिळाला. जखमी महादजी शिंद्यांना राणेखान नावाच्या भिश्त्याने बैलावर घालून वाचवलं, असं सांगतात. नाना फडणीस आपल्या वाटेने निसटले. माणसं दिवसेंदिवस तुटक-तुटक दक्षिणेत पोचत राहिली, आणि कोण आलं, कोण राहिलं याचा हिशेब लागेना. सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे उभा राहू शकला तो याच घोळामुळे. हे परतणं इंग्रजीत लिहायचं तर 'रिट्रीटेड' चालणार नाही, कारण ते हुकमाने आणि शिस्तीने मागे सरणं झालं. 'रिटर्न्ड' अगदीच कोरडं. इथे 'स्ट्रॅगल्ड बॅक' हवं. फौज मोडल्याचं दुःख त्या दोन शब्दांत आपोआप येतं.

'स्ट्रॅगल बिहाइंड' मात्र जपून. त्याच्यापुढे आपण मराठीच्या सवयीने 'फ्रॉम' किंवा 'दॅन' घुसवतो. 'माझ्यापेक्षा मागे' हे डोक्यात असतं, म्हणून 'बिहाइंड फ्रॉम मी' होतं. इंग्रजीत नुसतं 'बिहाइंड मी' किंवा 'बिहाइंड द ग्रुप'. 'लॅग बिहाइंड'लाही हाच नियम.

रेंगाळणाऱ्यांची भावकी

खरी अडचण आपल्या 'रेंगाळणे'मध्ये आहे. हे एक क्रियापद आपण चार-पाच इंग्रजी शब्दांना पुरवतो, आणि उलट जाताना हाताला येईल तो शब्द उचलतो.

अत्तराचा वास खोलीत रेंगाळतो तो 'लिंगर'. त्यात गोडवा आहे, निघवत नाही ही भावना आहे. आजारही लिंगर करतो, पण तिथेही सोडून न जाणं हाच गाभा. दुकानाबाहेर उगाच रेंगाळणाऱ्या टोळक्यासाठी 'लॉइटर', आणि त्यात संशय आहे. 'नो लॉइटरिंग' अशी पाटी असते, 'नो लिंगरिंग' अशी कधी पाहिली नाही. शाळेत जाताना प्रत्येक डबक्यात उडी मारणारं पोर 'डॉडल' करतं, म्हणजे आपली टंगळमंगळ. या तिघांना कळप लागत नाही. एकटा माणूस मजेत लिंगर, लॉइटर, डॉडल करू शकतो.

'लॅग'ला मोजमाप आवडतं. दोन गोष्टींमधलं अंतर, बहुतेकदा वेळेचं. पगारवाढ महागाईच्या मागे राहते, आवाज चित्राच्या मागे येतो, विमानप्रवासानंतर शरीर घड्याळाच्या मागे पडतं. गेम खेळणारी पोरं 'नेट लॅग मारतंय' म्हणतात, आणि त्यांचा वापर अगदी बरोबर आहे. त्यांना कुणी शिकवलं नाही तरी. 'लॅगार्ड' मात्र 'स्ट्रॅगलर'च्या जागी ठेवू नका. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२मध्ये नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट केले, त्यातला शेवटचा १६ टक्क्यांचा गट म्हणजे लॅगार्ड्स. एमबीएच्या प्रत्येक बॅचला ती घंटेसारखी आकृती दाखवतात. लॅगार्ड बदलायलाच नाखूश असतो. स्ट्रॅगलर नाखूश असेलच असं नाही, तो फक्त अजून पोचलेला नाही. म्हणून ऑफिसच्या मेलमध्ये 'स्टिल वेटिंग फॉर अ फ्यू स्ट्रॅगलर्स' लिहिलं तर लोक हसून फॉर्म भरतात. तिथे 'लॅगार्ड्स' लिहून बघा आणि दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन घ्या.

'वॉन्डर' आणि 'वंडर' : इथे स्पेलिंग उलटं बोलतं

भटकण्याबद्दल लिहायचं आणि या जोडीला वगळायचं, हे शक्य नाही. कारण पाहिलेल्या चुकांमध्ये संख्येने पहिला नंबर हिचाच.

'ए' असलेला शब्द आपण स्वाभाविकपणे 'वंडर' किंवा 'वांडर' वाचतो आणि 'ओ' असलेला 'वॉन्डर'. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. भटकण्याच्या शब्दात 'ए' आहे आणि उच्चार 'वॉन्डर'. आश्चर्याच्या शब्दात 'ओ' आहे आणि उच्चार 'वंडर'. हे लक्षात कसं ठेवायचं? 'डब्ल्यू'नंतरचा 'ए' पुष्कळदा 'ऑ' बोलतो : वॉटर, वॉच, वॉश, वॉन्ट. या भावंडांच्या रांगेत वॉन्डरला उभं करा. आणि 'डब्ल्यू'नंतरचा 'ओ' कित्येकदा साधा 'अ' बोलतो : 'जिंकलो' या अर्थाचा वन, चिंतेचा वरी. त्यांच्यात वंडर.

आता यातून होणारा घोटाळा बघा. इंग्रजीत नम्रपणे काही मागायचं असेल तर 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड...' अशी सुरुवात करतात. रजेच्या अर्जात 'ओ'च्या जागी 'ए' पडला की अर्थ होतो, 'साहेब, मी भटकत होतो, तेव्हा आपण मला दोन दिवस रजा द्याल का?' असे अर्ज मी स्वतः दुरुस्त केले आहेत, एकदा तर एका प्राध्यापकांचा.

थोडं विषयांतर. इंग्रजीतला 'प्लॅनेट' ग्रीकमधल्या 'भटक्या' या अर्थाच्या शब्दापासून आला. स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर हे ठिपके जागा बदलतात, म्हणून ते भटके. आपण त्यांनाच 'ग्रह' म्हटलं, म्हणजे धरणारे. आकाश तेच, पण त्यांना दिसले फिरस्ते आणि आपल्याला दिसले मानगूट पकडणारे. पत्रिका बघणाऱ्यांनी यावर विचार करावा.

'मीअँडर' हाही याच घरातला. तुर्कस्तानातल्या एका वळणावळणाच्या नदीच्या नावावरून तो आला, आणि भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला 'नागमोडी वळण' म्हणतो. भाषण भरकटलं तर त्यालाही मीअँडर म्हणतात. भीमा पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे चंद्रभागा होते, ते वळण मीअँडरचं. नदी कधी स्ट्रॅगल करत नाही. तिच्या पुढे चालणारं कुणी नसतं.

केस, फांद्या आणि गाव

इथे अनुवादक हमखास अडकतात, कारण इथे कुणी चालतच नसतं.

'स्ट्रॅगली बिअर्ड' म्हणजे विरळ, इकडेतिकडे फुटलेली दाढी. अठरा वर्षांच्या मुलाची असते तशी. एका कादंबरीच्या अनुवादात मी तिला 'संघर्षमय दाढी' असं झालेलं पाहिलं आहे. प्रुफात सापडली म्हणून वाचली. इथेही कळपाचीच गोष्ट आहे : बाकीचे केस एका घडीत बसतात, हे चार त्यातून फुटून निघतात.

वनस्पतिशास्त्रात 'स्ट्रॅगलिंग श्रब' असं वर्णन येतं तेव्हा झुडूप मरणपंथाला लागलं आहे असं समजू नका. घाणेरीसारखं झुडूप आठवा. ते वेल नाही आणि धड ताठ झुडूपही नाही. फांद्या लांबत जातात, शेजारच्या कुंपणावर रेलतात, वाट्टेल तिकडे पसरतात. 'अस्ताव्यस्त पसरणारं झुडूप' असं साधं लिहिलं की झालं. आणि कोकणात मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडांनी घरं लांबच लांब गेलेली असतात, मध्ये वाड्या, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा चार घरं. अशा गावाला इंग्रजीत 'स्ट्रॅगलिंग व्हिलेज' म्हणतात. गरिबीशी झगडणारं गाव, असा त्याचा अर्थ नाही. गाव सधन असेल, फक्त गोळा झालेलं नाही, पांगलेलं आहे.

ताऱ्यांत आणि संगणकांत

ॲलन सँडेज या खगोलशास्त्रज्ञाने १९५३मध्ये एम-३ या गोलाकार तारकागुच्छात काही विचित्र निळे तारे दाखवून दिले. गुच्छातले तारे साधारण एकाच वेळी जन्मतात. त्यातले जड, निळे तारे इंधन लवकर जाळतात, फुगतात, तांबडे होतात. हे मात्र निळेच. वर्गातली सगळी मुलं पुढच्या इयत्तेत गेली आणि हे अजून जुन्याच बाकावर. म्हणून त्यांचं नाव 'ब्लू स्ट्रॅगलर्स'. शेजारच्या ताऱ्याचं वस्तुमान ओढून घेऊन किंवा दोन तारे एकमेकांत मिसळून त्यांना नवं तारुण्य मिळतं, असं त्याचं स्पष्टीकरण. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही ज्यात वाटा आहे त्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने अशा ताऱ्यांचा बराच अभ्यास केला आहे. मराठी बातमीत त्यांना 'झगडणारे निळे तारे' लिहायचा मोह होऊ नये. 'निळे चुकार तारे' किती छान दिसतं बघा.

संगणकवाल्यांना हा शब्द रोज भेटतो. जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४मध्ये गूगलच्या मॅपरिड्यूस पद्धतीवर निबंध लिहिला. शेकडो यंत्रांना काम वाटून दिलं की बहुतेक यंत्रं वेळेत संपवतात आणि एखादं यंत्र शेवटचा तुकडा घेऊन बसतं. त्या यंत्राला त्यांनी 'स्ट्रॅगलर' म्हटलं. उपाय असा, की शेवटी उरलेलं काम दुसऱ्या यंत्रालाही द्यायचं आणि जे आधी संपवेल त्याचं घ्यायचं. हा उपाय बंद केला तेव्हा त्यांच्या क्रमवारी लावण्याच्या चाचणीला ४४ टक्के जास्त वेळ लागला. इथली चूक हिंजवडीतल्या एका विद्यार्थिनीने सांगितली : तिच्या टीममध्ये बंद पडलेल्या यंत्रालाही लोक स्ट्रॅगलर म्हणायचे. बंद पडलं ते 'फेल्ड'. स्ट्रॅगलर चालू असतो, उशिरा का होईना काम संपवतो. म्हणून तर तो पकडायला अवघड.

चूक सापडत नसेल तर

स्पेलचेकवर विसंबू नका. स्ट्रगल, स्ट्रॅगल, स्ट्रँगल, वॉन्डर, वंडर हे सगळेच खरे शब्द असल्याने त्याखाली तांबडी रेघ येत नाही. फोनला बोलून मजकूर सांगायची सवय असेल तर धोका जास्त. तुम्ही स्वच्छ 'स्ट्रॅगल' म्हणालात तरी पडद्यावर जास्त खपाचा 'स्ट्रगल' उमटू शकतो.

मी करते ते असं. मजकूर पूर्ण झाला की शोधपट्टीत 'जी-जी-एल' ही तीन अक्षरं टाकते आणि सापडलेल्या प्रत्येक जागी आधीचं अक्षर 'ए' आहे की 'यू', ते बघते. 'ए' असेल तर वाक्यात 'कुणाच्या मागे?' किंवा 'कशातून पांगलं?' याचं उत्तर शोधते. उत्तर मिळालं नाही तर शब्द बदलते. अनुवाद करत असेन तर 'धडपडणं' आणि 'मागे राहणं' दोन्ही घालून वाक्य मोठ्याने वाचते. बहुतेकदा एक लगेच खोटं वाटतं. दोन्ही खरी वाटली, तर मूळ पान पुन्हा उघडते आणि त्या अक्षरावर बोट ठेवून बघते.

छापून गेलेल्या चुकीला मात्र शुद्धिपत्राशिवाय इलाज नाही. माझं 'झुंजार सैनिकां'चं शुद्धिपत्र पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, दिवाळी फराळाच्या जाहिरातीखाली आलं.